वर्षाची बाकी

चौथी-पाचवीच्या वर्गात भागाकार शिकवताना आपण मुलांना बजावतो, की भाग पूर्ण गेला नाही तर जे उरते ती बाकी. ती विसरायची नाही, उत्तराशेजारी लिहायची. मुले नेमकी बाकी लिहायला विसरतात आणि आपण गुण कापतो. असाच एक भागाकार माणसाला फार पूर्वी करावा लागला. वर्षाचे दिवस ३६५, महिन्याचे ३०. भाग गेला बारा वेळा, बाकी उरली पाच. या पाच दिवसांचे काय करायचे?

प्रश्न वरवर गणिताचा दिसतो. पण निरनिराळ्या समाजांनी त्याची जी उत्तरे दिली ती पाहिली, की तो केवळ गणिताचा राहत नाही. कोणी हे दिवस देवांना दिले, कोणी पितरांना दिले, कोणी भीतीने हातपाय आखडून बसून काढले, कोणी त्या दिवशी राज्यकर्त्यांवर टीका करण्याची मुभा ठेवली. बहुतेकांच्या उत्तरात एक गोष्ट मात्र समान दिसते. हे दिवस नेहमीच्या कामाचे नव्हेत. वर्ष संपताना थांबायचे आणि मागे वळून पाहायचे, ही चाल माणसाने केवळ धर्मबुद्धीने किंवा आळसाने पाडली असे आम्हाला वाटत नाही. हिशेब करणाऱ्यालाच तिची गरज पडली. ती कशी, हे या लेखात पाहू या.

देवांच्या जन्माचे पाच दिवस

प्राचीन इजिप्तच्या लोकांनी आपले नागरी वर्ष अगदी सुटसुटीत ठेवले होते. तीस-तीस दिवसांचे बारा महिने, प्रत्येक महिन्यात दहा-दहा दिवसांचे तीन भाग, आणि वर्षाच्या शेवटी कोणत्याही महिन्यात न मोडणारे पाच दिवस. या पाच दिवसांना त्यांनी ओसायरिस, होरस, सेत, आयसिस आणि नेफ्थिस या पाच देवतांचे जन्मदिवस मानले.

याची एक कथा ग्रीक लेखक प्लुटार्कने नोंदवून ठेवली आहे. आकाशदेवतेला सूर्यदेवाने शाप दिला, की तुला कोणत्याही महिन्यात किंवा वर्षात मूल होणार नाही. तेव्हा विद्येच्या देवाने चंद्राशी सोंगट्यांचा डाव मांडला, चंद्राच्या प्रकाशाचा थोडा थोडा अंश जिंकून घेतला आणि त्यातून पाच नवे दिवस तयार केले. ते कोणत्याच महिन्यातले नसल्यामुळे शाप तेथे लागू पडेना! कथा सांगणाऱ्याला गणित चांगले कळत होते यात शंका नाही. बाकी ही भागाकाराच्या नियमाबाहेर राहते, म्हणूनच तिच्यात नवे काही जन्माला येऊ शकते, असेच जणू तो सुचवतो.

राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचे एक गाव नाईल नदीच्या पश्चिमेला होते. आज ते देर-एल-मदिना या नावाने ओळखले जाते. तेथे खापराच्या आणि चुनखडीच्या तुकड्यांवर लिहिलेल्या हजेरीच्या नोंदी मिळाल्या आहेत. दुसऱ्या रामसेस राजाच्या चाळिसाव्या वर्षातली अशी एक नोंद लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यात चाळीस कामगारांची नावे आणि त्यांच्या गैरहजेरीची कारणे दिली आहेत. कोणी आजारी, कोणाला विंचू चावला, कोणाच्या घरी बिअर गाळायची होती. आपले हजेरीपत्रक या परंपरेतले आहे हे वाचून शिक्षकांना बरे वाटावे. दहा दिवसांच्या शेवटी सुट्टी आणि सणांच्या निराळ्या सुट्ट्या, अशी या कारागिरांची रीत होती.

पण या सुबक हिशेबात एक चूक राहून गेली होती. सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांवर सुमारे पाव दिवस आणखी घेते. बाकीलाही बाकी होती! इजिप्तच्या वर्षारंभाची खूण आकाशात होती. काही काळ दिसेनासा झालेला व्याधाचा तारा सूर्योदयापूर्वी पूर्वेला प्रथम दिसू लागला, की नाईलचा पूर जवळ आला असे लोक समजत. नागरी वर्ष मात्र दर चार वर्षांनी एक दिवस चुकत राहिले. एका माणसाच्या आयुष्यात फरक पडतो पंधरा-वीस दिवसांचा. तो नजरेत भरत नाही. पण काही शतकांत उन्हाळ्याचे सण हिवाळ्यात येऊ लागतात. पूर्ण फेरा होऊन सण जागेवर यायला सुमारे १४६० वर्षे लागतात.

इ.स.पूर्व २३८ साली तिसऱ्या टॉलेमीच्या काळात पुरोहितांनी फर्मान काढून दर चार वर्षांनी सहावा दिवस घालण्याचे ठरवले. सणांचे ऋतू पुढे बिघडू नयेत, हा हेतू फर्मानातच लिहिलेला होता. ते कोणी पाळले नाही. पुढे रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात ती सुधारणा इजिप्तमध्ये लागू झाली. आजही इथिओपियाच्या आणि इजिप्तमधल्या कॉप्ट ख्रिश्चनांच्या वर्षात शेवटी पाच दिवसांचा, आणि चौथ्या वर्षी सहा दिवसांचा, एक छोटा तेरावा महिना असतो.

या हकिकतीतली एक गोष्ट विसरता कामा नये. रोजची चूक इतकी बारीक होती, की रोजच्या कामात ती दिसणे शक्यच नव्हते. वर्षाच्या शेवटी थांबून, आपला हिशेब आकाशाशी ताडून पाहणाऱ्यालाच ती दिसली.

भीतीची सुट्टी

मध्य अमेरिकेत माया लोकांनी वेगळा भागाकार केला. वीस दिवसांचा महिना, असे अठरा महिने, म्हणजे पुन्हा ३६० आणि पुन्हा बाकी पाच. तिला ते ‘वायेब’ म्हणत. हे दिवस अत्यंत अशुभ मानले जात. स्पॅनिश धर्मगुरू दिएगो दे लांदा याने १५६६ च्या सुमारास लिहून ठेवले आहे, की या दिवसांत हे लोक अंग धूत नसत, केस विंचरत नसत आणि कष्टाचे काम करीत नसत. केले तर काही अरिष्ट कोसळेल अशी त्यांना धास्ती वाटे. (याच लांदाने मायांचे अनेक ग्रंथ जाळले, आणि आज त्यांच्याविषयी आपण जे जाणतो त्यातले बरेचसे त्याच्याच लेखणीतून आले आहे. इतिहासाची ही एक विचित्र थट्टा.)

आपल्याला याचे फार आश्चर्य वाटायला नको. आपल्याकडेही बाकी आहे, फक्त ती निराळ्या तऱ्हेने साठते. बारा चांद्र महिन्यांचे दिवस भरतात सुमारे ३५४. सौर वर्षापेक्षा ते अकरा दिवसांनी कमी. ही बाकी दरवर्षी बाजूला पडत जाते आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी तिचा एक महिना होतो. तो अधिक मास. त्यात लग्ने-मुंजी करीत नाहीत म्हणून त्याचे नाव मलमास. पण त्यालाच पुरुषोत्तम मास म्हणून देवाच्या नावे केले आणि धोंड्याचा महिना म्हणून जावयाला अनारसे दिले. बाकीच्या दिवसांना अशुभ म्हणावे की पवित्र, हे आपल्या पूर्वजांनाही एकदम ठरवता आले नसावे. नेहमीची घाई या दिवसांत आणायची नाही, यावर मात्र दोन्ही नावांचे एकमत आहे.

पतेती म्हणजे काय?

आता मुंबईकडे येऊ. आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ऑगस्टच्या मध्यावर पारशी नववर्ष असते. बोलताना आपण त्याला ‘पतेती’ म्हणतो आणि पारशी स्नेह्यांना पतेतीच्या शुभेच्छाही देतो. खरे पाहता पतेती हा नववर्षाचा दिवस नव्हे. तो सरत्या वर्षाचा शेवटचा दिवस आहे. ‘पतेत’ म्हणजे पश्चात्तापाची प्रार्थना. वर्षभरात विचाराने, वाणीने आणि कृतीने जे चुकले ते आठवायचे, त्याची कबुली द्यायची, आणि मग दुसऱ्या दिवशी नवरोज साजरा करायचा. शुभेच्छा द्यायच्या त्या नवरोजच्या.

हे पारशी वर्ष इजिप्तच्या वर्षासारखेच आहे. तीस दिवसांचे बारा महिने आणि शेवटी पाच ‘गाथा’ दिवस. जरथुष्ट्राच्या पाच गाथांची नावे या पाच दिवसांना दिली आहेत. शेवटच्या महिन्याचे अखेरचे पाच दिवस आणि हे पाच गाथा दिवस मिळून मुक्ताद होतात. या काळात घर स्वच्छ करतात, अग्यारीत फुले ठेवतात आणि कुटुंबातल्या मृतांचे स्मरण करतात. म्हणजे वर्षाखेरीची कामे तीन झाली. घर झाडणे, गेलेल्यांना आठवणे आणि स्वतःचा हिशेब तपासणे. हे सगळे उरकल्यावरच नवे वर्ष.

गंमत अशी, की स्वतःच्या चुका दरवर्षी तपासायला सांगणाऱ्या या वर्षातच तो जुना पाव दिवसाचा घोटाळा आहे. पारशी सनाची सुरुवात इराणचा राजा तिसरा यज्दगर्द गादीवर आला तेव्हापासून, म्हणजे इ.स. ६३२ पासून धरतात. तेव्हा वर्षारंभ जूनमध्ये होता. लीप दिवस नसल्याने तो दर चार वर्षांनी एक दिवस मागे सरकत राहिला आणि आज जवळजवळ वर्षभराचा फेरा मारून पुन्हा जूनच्या जवळ, जुलैच्या मध्यावर येऊन ठेपला आहे. हा झाला कदमी पंथाचा वर्षारंभ. भारतातल्या पारशांनी मध्यंतरी कधी तरी एकदा एक महिना अधिक धरला होता, म्हणून त्यांचा शहेनशाही वर्षारंभ त्याहून एक महिना पुढे, ऑगस्टमध्ये येतो. इराणच्या आणि आपल्या गणनेत असा महिन्याचा फरक आहे हे ध्यानात आल्यावर १७४५ साली सुरतेत काही जणांनी इराणी गणना स्वीकारली. समाजात दोन तट पडले आणि वाद पुढे बराच काळ धुमसत राहिला.

शेवटी मुंबईचे विद्वान खरशेदजी रुस्तमजी कामा यांनी आकाशाकडे बोट दाखवले. वर्षारंभ वसंतसंपाताला, म्हणजे २१ मार्चला धरावा आणि लीप दिवस पाळावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी १९०६ साली फसली साल मंडळ स्थापन झाले. आज तिन्ही गणना नांदत आहेत. चूक दाखवून देणे एक आणि ती समाजाने मान्य करणे दुसरे. शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको.

दहा दिवसांचा आठवडा

फ्रेंच राज्यक्रांतीने जुने सारे मोडून नवे मांडायचे ठरवले, तेव्हा मीटर आणि किलोग्रॅमच्या बरोबरीने कालगणनाही हातात घेतली. गणितज्ञ गिल्बेर रोम याच्या पुढाकाराने, लाग्रांज आणि मोंज यांच्यासारख्या शास्त्रज्ञांच्या सल्ल्याने नवे कॅलेंडर बनले आणि १७९३ च्या अखेरीस अमलात आले. तीस दिवसांचे बारा महिने, महिन्यात दहा दिवसांचे तीन आठवडे, शेवटी पाच दिवस. इजिप्तच्याच पद्धतीचा हा पुनर्जन्म. ऋतूंवरून महिन्यांची नावे पाडली ती फाब्र द’एग्लांतीन या कवीने.

या शेवटच्या पाच दिवसांना त्यांनी सद्गुण, प्रतिभा, श्रम, मत आणि पारितोषिक यांचे दिवस म्हटले. लीप वर्षातला सहावा दिवस क्रांतीचा. यातला ‘मताचा दिवस’ आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. त्या दिवशी कोणत्याही नागरिकाने सरकारी अधिकाऱ्यांच्या वागणुकीविषयी मोकळेपणी बोलावे, गाणी रचावीत, व्यंगचित्रे काढावीत, टिंगल करावी, आणि कायद्याने त्याला हात लावू नये, अशी फाब्रची कल्पना होती. म्हणजे वर्षाखेरीचे आत्मपरीक्षण एकट्या माणसाचे नव्हे, साऱ्या राज्याचे.

कल्पना उत्तम होती. पण असा पहिला दिवस १७९४ च्या सप्टेंबरात यायचा होता, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये फाब्रचे मस्तक गिलोटिनखाली गेले. पुढच्या वर्षी मृत्युदंड झाल्यावर रोमने स्वतःला भोसकून घेतले. वर्षातले ३६० दिवस टीका हा गुन्हा आणि एक दिवस ती सण, अशी वाटणी चालत नाही. आत्मपरीक्षणाला वर्षाखेरीचा मुहूर्त चांगला खरा, पण त्याची सवय वर्षभर असावी लागते.

सामान्य माणसाची तक्रार मात्र निराळीच होती. सात दिवसांच्या आठवड्यात वर्षाला ५२ सुट्ट्या मिळत. दहा दिवसांच्या आठवड्यात त्या ३६ झाल्या. कागदावर सुबक दिसणाऱ्या या गणिताने त्याच्या सोळा सुट्ट्या खाल्ल्या होत्या. लोक गुपचूप रविवार पाळत राहिले. १८०२ साली सरकारी नोकरांना पुन्हा रविवारची सुट्टी मिळू लागली. शास्त्रज्ञ लाप्लास याने सिनेटपुढे कॅलेंडरातले दोष मांडले. त्यात एक दोष असा, की लीप वर्ष ठरवायला पॅरिसमधला शरदसंपाताचा क्षण दर वेळी गणिताने काढावा लागे, सोपा नियम नव्हता. १ जानेवारी १८०६ पासून नेपोलियनने हे कॅलेंडर बंद केले.

कधीही न थांबणारे यंत्र

आणखी एक प्रयोग रशियात झाला. १९२९ साली सोव्हिएत सरकारने ‘अखंड आठवडा’ सुरू केला. आठवडा पाच दिवसांचा. कामगारांचे पाच गट, प्रत्येक गटाला एक रंग. रोज एक गट सुट्टीवर, चार गट कामावर. यंत्र एकही दिवस बंद पडायचे नाही. असे ७२ आठवडे, म्हणजे ३६० दिवस, आणि वर्षभरात विखुरलेले पाच राष्ट्रीय सण. पुन्हा तेच तीनशे साठ आणि पाच!

पाचव्या दिवशी सुट्टी म्हणजे पूर्वीपेक्षा सुट्ट्या वाढल्या होत्या. तरीही लोक नाराज झाले. नवऱ्याची सुट्टी सोमवारी तर बायकोची बुधवारी, मित्रांची आणखी कधी. विश्रांती होती, पण सोबतीची विश्रांती नव्हती. इकडे यंत्रांना तर विश्रांतीच नव्हती; त्यांची देखभाल करायला सवड मिळेना. एकच यंत्र रोज वेगवेगळ्या हातांत गेल्यामुळे बिघाड कोणाचा, हेही कळेना. १९३१ साली सरकारने माघार घेतली आणि सर्वांना एकाच दिवशी सुट्टी देणारा सहा दिवसांचा आठवडा आणला. १९४० साली सात दिवसांचा जुना आठवडाच परत आला.

यंत्राला तेल घालायलाही ते थांबवावे लागते. माणसाबद्दल वेगळे काय सांगावे?

सुट्टीसाठी सभा

आपल्याकडच्या कामगाराला ही सुट्टी सहज मिळालेली नाही. १८८० च्या दशकात मुंबईच्या कापडगिरण्यांत आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने मुलांना महिन्यातून चार सुट्ट्या दिल्या. मोठ्यांना काहीच नाही. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाचे ठरलेले तास आणि वेळेवर पगार, असल्या साध्या मागण्या त्यात होत्या. ‘दीनबंधु’ पत्रातून ते हा प्रश्न मांडत राहिले. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी बंधनकारक झाली.

म्हणजे दिनदर्शिकेतले लाल आकडे कोणाच्या तरी कष्टाने रंगलेले आहेत. रविवारी सकाळी उशिरा उठताना मुलांनी एवढे तरी जाणावे.

शिणलेल्या बोटाची साक्ष

याच सुमारास इटलीतल्या तुरीन शहरात आंजेलो मोस्सो हा शरीरशास्त्रज्ञ थकवा मोजण्याच्या खटपटीत होता. हात पट्ट्याने घट्ट बांधायचा, मधल्या बोटाला दोरीने वजन अडकवायचे, ठराविक ठेक्यावर ते उचलत राहायचे आणि प्रत्येक उचल किती झाली याची रेघ फिरत्या नळकांड्यावर उमटवायची. या उपकरणाला त्याने ‘अर्गोग्राफ’ म्हणजे श्रमलेखक म्हटले. रेघा हळूहळू आखूड होत जातात आणि अखेर बोट हलेनासे होते. १८९१ साली त्याने ‘थकवा’ याच नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले.

त्यातला एक प्रयोग शिक्षकांनी आवर्जून ध्यानात ठेवावा असा आहे. मोस्सोचा सहकारी माज्जोरा याने विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर आपल्या बोटाची नोंद केली. परीक्षा घेताना बोटाला काहीच श्रम नव्हते. तरी परीक्षेनंतर ते पूर्वीच्या मानाने फार लवकर दमले. डोक्याचा शीण बोटात उतरला होता! ‘मास्तरांना काय, बसून तर असतात’ असे म्हणणाऱ्यांना हा आलेख दाखवावा.

पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याचे कारखाने रविवारीही चालवले गेले, तेव्हा ब्रिटिश सरकारने १९१५ साली कामगारांच्या आरोग्याची पाहणी करायला समिती नेमली. रविवारी काम केल्याने एकूण उत्पादन त्या मानाने वाढत नाही, असाच तिचा निष्कर्ष निघाला. दमलेला माणूस काम कमी करतो, एवढेच नव्हे. आपले काम खालावले आहे हेही त्याच्या ध्यानात येत नाही. आत्मपरीक्षणाआधी विश्रांती का हवी, याचे कारण येथे सापडते. शिणलेल्या डोक्याने घेतलेला वर्षाचा आढावा एक तर स्वतःला दोष देण्यात संपतो, नाही तर दुसऱ्याला.

जगाची एक सुट्टी

१९५२ साली भारत सरकारने डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली कालगणना सुधारणा समिती नेमली. देशात तेव्हा तीसएक पंचांगे चालू होती. समितीने सुचवलेले राष्ट्रीय सौर कॅलेंडर २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ शके या दिवसापासून सुरू झाले. त्यात बाकीचे पाच दिवस वर्षाअखेर न ठेवता वैशाख ते भाद्रपद या पाच महिन्यांना एकेक वाटून दिले. हे महिने ३१ दिवसांचे. त्याला खगोलशास्त्राचा आधार आहे. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्यापासून दूर असल्याने तिची गती मंदावते, आणि सूर्याला एक राशी ओलांडायला जास्त दिवस लागतात.

पण साहांना साऱ्या जगासाठी निराळीच एक योजना पसंत होती. एलिझाबेथ अकेलिस या अमेरिकन बाईंनी १९३० पासून तिचा प्रचार चालवला होता. ९१ दिवसांच्या चार तिमाह्या, एकूण ३६४ दिवस, म्हणजे बरोबर ५२ आठवडे. प्रत्येक तारखेला दरवर्षी तोच वार. उरलेला एक दिवस ३० डिसेंबरनंतर येईल. त्याला तारीख नाही आणि वारही नाही. तो ‘जागतिक दिन’, साऱ्या माणसांची एकत्र सुट्टी. १९५३ साली भारताने ही योजना संयुक्त राष्ट्रसंघापुढे ठेवली आणि १९५४ साली साहांनी जिनिव्हा येथे तिची बाजू मांडली.

योजना मान्य झाली नाही. ज्या धर्मांत सात दिवसांचा आठवडा अखंड चालणे पवित्र मानतात, त्यांच्या अनुयायांनी हरकत घेतली. मध्येच एक बिनवाराचा दिवस आला, की त्यांचा शनिवार वा रविवार दरवर्षी एक दिवस सरकणार. १९५५ साली अमेरिकेने नकार दिला आणि १९५६ साली प्रश्न बासनात गेला. ज्यांनी हरकत घेतली त्यांनाही विश्रांतीचा दिवसच वाचवायचा होता, हे विसरून चालणार नाही. एका विश्रांतीच्या आड दुसरी विश्रांती आली.

शाळेची बाकी

शिक्षकाचे वर्ष डिसेंबरात संपत नाही आणि पाडव्यालाही नाही. ते एप्रिलमध्ये, वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की संपते. तेथून निकालापर्यंतचे दिवस ही आपली बाकी. पण ती उरते कुठे? उत्तरपत्रिका, गुणतक्ते, प्रगतिपुस्तके, वरून आलेले नाना नमुन्यांचे तक्ते यांत ती पार भरून जाते. मुलांचे मूल्यमापन पाच-पाच रकान्यांत होते, आणि वर्षभर आपण काय शिकवले याचे मूल्यमापन करायला एक रकानाही शिल्लक राहत नाही. सुट्टी लागते तेव्हा माज्जोराच्या बोटासारखी आपली अवस्था असते. आणि जूनमध्ये तोच धडा त्याच चुकीसह पुन्हा सुरू होतो. पाव दिवसाची चूक अशीच साठते.

म्हणून आम्ही सुचवतो, की शाळेने या दिवसांतला निदान एक दिवस हिशेबाबाहेर काढावा. त्या दिवशी तक्ते नाहीत, सभा नाही, प्रशिक्षण नाही. आधी खरोखर विसावा घ्यावा. मग निवांतपणे काही प्रश्न स्वतःला विचारावेत. कोणता पाठ आपण घाईने उरकला? वर्गातल्या कोणत्या मुलाला वर्षभरात एकदाही प्रश्न विचारला नाही? कोणत्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला येत नव्हते म्हणून आपण ‘नंतर सांगतो’ म्हणालो आणि नंतर सांगितलेच नाही? यांची उत्तरे कोणाला दाखवायची नाहीत, कोठे पाठवायचीही नाहीत. नव्या वर्षाच्या टाचणवहीच्या पहिल्या पानावर तेवढी लिहून ठेवावीत.

धीर असेल त्यांनी फ्रेंचांचा ‘मताचा दिवस’ही वर्गात करून पाहावा. मुलांना कोरे कागद द्यावेत, नाव लिहायला सांगू नये, आणि काय समजले, काय समजले नाही, काय आवडले नाही हे लिहू द्यावे. वर्षभर मुलांना बोलू दिले असेल तर हे कागद कामाचे निघतील. एरवी कोरेच परत येतील, आणि तेही एक उत्तरच म्हणायचे.

वरच्या वर्गांतल्या मुलांना गणिताचा थोडा खुराकही देता येईल. सौर वर्ष ३६५.२४२२ दिवसांचे आहे. ज्यूलियस सीझरने ते ३६५.२५ दिवसांचे धरले. वर्षाला सुमारे अकरा मिनिटांची ही चूक किती वर्षांत एक दिवसाची होते, ते काढायला सांगावे. १५८२ साली पोप ग्रेगरीने ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर का आणला, याचा उलगडा त्यांना आपोआप होईल. अकरा मिनिटे म्हणजे एका तासिकेच्या तिसऱ्या भागाहूनही कमी. तेवढ्याकडे दुर्लक्ष झाले आणि युरोपला दहा दिवस खोडावे लागले.